‘रामदास बोटीवर पुस्तक आहे का?’: एका संदर्भ प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं हे एक तालुका ग्रंथालय. गावाचं, ग्रंथालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही; ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, ‘ब’ वर्गातलं. मी ग्रंथपाल, एक साहाय्यक आणि एक शिपाई एवढाच कर्मचारीवर्ग. सकाळी पेपर वाचणारे ज्येष्ठ, दुपारी मासिकं बदलायला येणाऱ्या बायका, आणि अभ्यासिकेत दिवसभर स्पर्धा परीक्षांची मुलं.

संदर्भ विभाग म्हणजे एक लोखंडी कपाट आणि एक संगणक. कपाटात विश्वकोशाचे खंड, शब्दकोश, कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याचं गॅझेटियर आणि स्थानिक इतिहासाची काही पुस्तकं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद फार जपावा लागतो, त्यामुळे जुनी वृत्तपत्रं आम्ही बांधून ठेवू शकलेलो नाही. १९६० पूर्वीचं एकही पान आमच्याकडे नाही.

लोक आमच्याकडे ‘संदर्भ सेवा’ मागायला येत नाहीत, काम घेऊन येतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची तारीख, आजोबांच्या दाखल्यावरची मोडी सही. हे सगळं संदर्भ सेवेतच मोडतं असं मी मानते आणि नोंदवहीत लिहिते.

प्रश्न कसा आला

पावसाळ्याच्या तोंडावर एक ताई आल्या. पन्नाशीच्या, जवळच्याच गावच्या, आमच्या सभासद नाहीत. सोबत कॉलेजात जाणारा भाचा. काउंटरवर त्यांनी विचारलं, “रामदास बोटीवर पुस्तक आहे का?”

आहे. आमच्या साहाय्यकाने ते काढूनही आणलं. आमच्या किनाऱ्यावर हा विषय कुणाला नवा नाही. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढी अमावास्या, म्हणजे गटारी. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा मुंबईला कळलं. काहींना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत ओढून घेतलं. याच किनारी कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या, तेही जुनी माणसं सांगतात.

ताईंनी पुस्तक हातात घेतलं, मागची पानं उलटली आणि विचारलं, “यात नावं नाहीत का?”

इथे मी टेबलावरून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. संदर्भ सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग हा असतो आणि त्याला कपाट लागत नाही. पहिला प्रश्न क्वचितच खरा प्रश्न असतो. ग्रंथालयाकडे पुस्तकं असतात म्हणून माणूस पुस्तक मागतो.

“ताई, नावं कशासाठी हवीत? घरातलं कुणी होतं का?”

मग उलगडलं. त्यांचे आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९४७ च्या पावसाळ्यात ‘गटारीला येतो’ असं कार्ड आलं, आजोबा आले नाहीत. घरात तेव्हापासून ‘रामदासमध्ये गेले’ असंच म्हणतात. देह मिळाला नाही, दाखला नाही. एक वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या जमिनीचा तुकडा अजून आजोबांच्याच नावावर आहे. ताईंचे वडील नुकतेच वारले, वारस नोंद करायला गेले तर “आजोबा कधी गेले, त्याचा काही कागद आणा” असं सांगण्यात आलं. आणि घरात पंच्याऐंशीच्या आत्या आहेत. त्यांना सात-बाऱ्याशी काही घेणं नाही. वडील त्या बोटीत होते की नव्हते, एवढंच त्यांना कळायला हवंय.

म्हणजे प्रश्न दोन होते. एक कागदाचा, एक मनाचा. दोन्हींसाठी लागणारा पुरावा वेगळा, शोधायच्या जागाही वेगळ्या. मी ते चिठ्ठीवर दोन ओळींत लिहिले आणि ताईंना वाचून दाखवले. “बरोबर,” त्या म्हणाल्या, “असंच आहे.”

मोबाईलमधली यादी

भाच्याने तोवर फोन पुढे केला. त्याने एका एआय चॅटबॉटला विचारलं होतं आणि उत्तर तयार होतं: रामदास बोटीची प्रवासी यादी, तिच्यात आजोबांचं पूर्ण नाव, वय, गाव. मुलाने घरी सगळ्यांना दाखवलं होतं. आत्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

त्या मुलाला कमीपणा वाटेल असं काहीही बोलायचं नाही, हे मी आधी ठरवलं. त्याने आपल्या परीने घरासाठी धडपड केली होती. मी त्याला म्हटलं, “ही यादी कुठून घेतली, ते त्यालाच विचार.” त्याने विचारलं. एका अहवालाचं नाव आलं. तो अहवाल आम्ही दोघांनी मिळून शोधला, कुठेच मिळेना. मग मी त्याच खिडकीत दुसरंच, मनाने रचलेलं नाव टाकायला सांगितलं. तेही ‘यादीत’ निघालं, वयासकट.

मुलगा गप्प झाला. मी त्याला एवढंच सांगितलं की धक्क्यावर तिकीट काढताना नाव लिहून घेत नसत, त्यामुळे नावांची यादी मुळात असायलाच नको. हे यंत्र वाक्य जुळवतं, दफ्तर तपासत नाही. पुढचा शोध त्यानेच आमच्यासोबत केला, आणि फार चिकाटीने केला.

समोरचे पर्याय

सोपा मार्ग होता: पुस्तक द्यायचं, सभासद करून घ्यायचं, विषय संपला. आकड्यांत ती ‘एक देवघेव’ म्हणून दिसली असती. दुसरा मार्ग, “मुंबईला जा, तिथे जुने पेपर मिळतील” असं सांगून पाठवायचं. हे तसं खोटं नाही, पण गावातली बाई पहाटेच्या एसटीने निघणार, दुपारी पोचणार, काय मागायचं हे ठाऊक नाही, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतणार. तिसरा, थेट वकिलाकडे पाठवायचं. वकील लागणारच होता, पण त्याच्या हातात काय द्यायचं?

चौथा मार्ग म्हणजे शोध आपण अंगावर घ्यायचा, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला ताईंना काय सापडलं, काय नाही ते लिहून द्यायचं. आम्ही हा घेतला. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांची शंका होती की एका बिगर-सभासद बाईसाठी ग्रंथपालाने किती वेळ घालायचा. शंका रास्त होती. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथं आहे. माझं म्हणणं असं होतं की आमचे काही तास जातील, पण या घराचे मुंबईचे कितीतरी हेलपाटे वाचतील. शिवाय जे सापडेल ते कपाटात राहील, पुढच्या माणसाला लागेल. त्यांनी मान्य केलं.

शोध: आधी साल पक्कं करणं

कार्ड हरवलेलं, त्यामुळे ‘१९४७’ हे सालच ऐकीव होतं. मी आत्यांना भेटायला गेले. कानाला कमी, पण आठवण लख्ख. “आत्या, बाबा यायचे होते त्या सुमाराचं काय आठवतं?” त्या म्हणाल्या, “गटारी झाली नि लगेच धोंड्याचा महिना लागला. आई मामाकडे जायची होती, ती गेलीच नाही.”

हे एक वाक्य आम्हाला कुठल्याही यादीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. आषाढी अमावास्येनंतर लगेच धोंड्याचा महिना म्हणजे अधिक श्रावण. १९४७ साली तो आला होता: १७ जुलैला अमावास्या, १८ पासून अधिक श्रावण. त्यानंतरचे अधिक महिने १९५० ला आषाढ, १९५३ ला वैशाख, १९५५ ला भाद्रपद. पुन्हा अधिक श्रावण थेट १९५८ साली, तेव्हा आत्या लग्न होऊन सासरी गेलेल्या. त्यांच्या लहानपणी असा योग एकदाच येतो.

भाच्याला हे पटवायला मी २०२३ ची दिनदर्शिका काढली. अधिक महिना बहुतेक एकोणीस वर्षांनी तसाच फिरून येतो. १९४७, १९६६, १९८५, २००४, २०२३. त्या दिनदर्शिकेतही १७ जुलैला अमावास्या आणि दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण. तो बराच वेळ ते पान बघत होता.

एवढ्याने आजोबा बोटीत होते हे ठरत नाही. ते त्या सुमारास घरी यायचे होते, एवढंच ठरतं. मी चिठ्ठीवर तसंच लिहिलं.

दुसरी शंका वाटेची होती. आजोबांचं गाव मुरूडच्या बाजूला. मग ते रेवसच्या बोटीत कशाला बसतील? पावसाळ्यात उघड्या दर्यातून जाणाऱ्या किनारी फेऱ्या बंद असत. बंदराच्या आतली रेवस-धरमतरची वाहतूक चालू असे. जुलैत गावी यायचं तर रेवसला उतरून पुढे जमिनीवरून, हाच सरळ रस्ता. शंका फिटली.

शोध: वृत्तपत्रं

इथे कुठे बघायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. भाचा लोकसत्तेपासून सुरुवात करणार होता. ते जानेवारी १९४८ मध्ये निघालं. महाराष्ट्र टाइम्स १९६२ चा. त्या आठवड्यात निघत असलेले पेपर म्हणजे टाइम्स ऑफ इंडिया, बॉम्बे क्रॉनिकल, नवाकाळ, पुण्याचा सकाळ. मी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागाला पत्र लिहिलं. त्यात ‘रामदास बोटीची माहिती पाठवा’ असं लिहिलं नाही. १८ जुलै १९४७ पासून पुढच्या पंधरवड्याचे अंक, त्यात मृत, जखमी, वाचलेले किंवा बेपत्ता यांची नावं छापलेली पानं, एवढंच नेमकं मागितलं. नेमकं मागितलं की समोरचा माणूस मदत करतो, हा माझा कायमचा अनुभव आहे. तिथल्या सहकाऱ्यांनी पानांचे फोटो पाठवले.

नावं थोडी होती आणि इंग्रजी स्पेलिंगात वेडीवाकडी झालेली. त्यांत एक नाव आजोबांच्या नावाशी आणि आडनावाशी जुळत होतं. मधलं नाव दिलेलं नव्हतं. गाव मात्र दुसऱ्याच तालुक्यातलं.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण हा. ताई समोर बसलेल्या, भाचा म्हणाला, “मॅडम, हेच आजोबा. गाव चुकून छापलं असेल.” असेलही. पण ते नाव आपल्याकडे घरटी सापडेल असं, आणि त्या दुसऱ्या गावातही कुणाचे तरी आजोबा गेले असतील. ‘सापडले’ असं म्हणणं मला फार सोपं होतं. ताईंना ते ऐकायचं होतं, मलाही सांगायचं होतं. मी म्हटलं, “नाव जुळतंय, गाव जुळत नाही. मी दोन्ही लिहून देते. यापलीकडे या पानावरून मला काही म्हणता येणार नाही.” ताईंना ते आवडलं नाही. त्या दिवशी त्या चहा न घेता गेल्या.

पानाची प्रत आणि माझी टीप दोन्ही त्यांना दिली. पान लपवून ठेवणं मला चुकीचं वाटलं असतं. वाचकाच्या प्रश्नाशी संबंध असलेला कागद त्याच्यापासून लपवायचा हक्क ग्रंथपालाला नाही.

शोध: सरकारी दफ्तर

कागदाच्या प्रश्नाला वृत्तपत्र फारसं उपयोगी नव्हतंच. गावाच्या मृत्यूच्या नोंदी म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ताईंना कुणीतरी अलिबागला कुलाबा जिल्ह्याचं जुनं दफ्तर बघा असं सांगितलं होतं. पण १९४७ साली मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात नव्हता, जंजिरा संस्थानात होता. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि कुलाब्याचं रायगड १९८१ ला. १८८३ च्या गॅझेटियरच्या खंडाचं नावच ‘कुलाबा आणि जंजिरा’ असं आहे. हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या खिडकीत महिनोन्महिने उभा राहतो.

म्हणून आम्ही दोन अर्जांचे मसुदे करून दिले. एक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाला: गावाचं कोतवाल बुक, आणि आजोबांच्या नावाच्या सगळ्या जमिनींचे फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी (गाव नमुना ६), १९४७ ते १९६० पर्यंतच्या. दुसरा मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाला, संस्थानच्या दफ्तरासाठी.

फेरफार मागायचं कारण साधं. आजोबांच्या नावावर वरकस तुकडा राहिला होता, पण घराची भातशेती ताईंच्या वडिलांच्या नावावर होती. म्हणजे कधीतरी, कुणीतरी, आजोबा मयत असल्याचं सरकारदरबारी सांगितलेलं असणार.

कोतवाल बुकात नोंद मिळाली नाही. गावात मृत्यू झालेला नव्हता, ते ओघानेच आलं. फेरफार मात्र मिळाला, १९५५ सालचा. खातेदार ‘सुमारे ८ वर्षांपूर्वी मयत’, वारस अज्ञान (वयाने लहान) मुलगा, अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आई. बोटीचा उल्लेख नाही. मृत्यू कुठे, कसा, काही नाही. पण घराला हवा होता तो कागद हाच, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षं त्यांच्याच तालुक्यात होता.

जिथे आम्ही थांबलो

फेरफारात आत्यांचं नाव नव्हतं. भाच्याने लगेच विचारलं, “मग वरकसवर आत्याआजीचं नाव लागणार का?” त्याचं उत्तर मी दिलं नाही. मृत्यू १९४७ चा, वारसा कायदा १९५६ चा, मध्ये बरंच काही. हा वकिलाचा प्रांत. मी त्यांना तालुका विधी सेवा समितीची माहिती दिली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे ताईंना माहीत नव्हतं. उशिरा मृत्यूनोंद करायची झाली तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १३ बघावं लागतं, त्याचीही प्रत काढून दिली. अर्थ लावून दिला नाही.

माहिती देणं आणि सल्ला देणं यांतली रेघ काउंटरवर रोज पुसट होते, कारण समोरच्याचा आपल्यावर विश्वास असतो. त्या विश्वासापोटीच ती पाळायला हवी.

निष्पत्ती

फेरफाराची नक्कल जोडून वारस नोंदीचा अर्ज झाला. तलाठ्याने नोंद घेतली, नोटिसा निघाल्या, हरकतीची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. आत्यांच्या हक्काचं विधी सेवा समितीच्या वकिलांनी पाहिलं. त्याचे तपशील घरचे आहेत, इथे देत नाही.

मनाचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. आम्ही ताईंना एका पानाचा शोध अहवाल दिला: कुठे कुठे पाहिलं, कोणत्या तारखांचे अंक, काय मिळालं, काय मिळालं नाही, कुठून उत्तर यायचं बाकी आहे. शेवटी लिहिलं की आजोबा १९४७ च्या गटारीला गावी यायला निघणार होते याला आत्यांच्या आठवणीचा आणि पंचांगाचा आधार आहे. ते रामदास बोटीत होते याला आम्हाला मिळालेल्या कागदांत पुरावा नाही. तो अहवाल घेऊन मी पुन्हा आत्यांकडे गेले आणि मोठ्याने वाचला. त्यांनी यादीचं विचारलं. “ती यादी खरी नाही, आत्या,” मी म्हटलं. “पण १७ जुलैचं तुमचं म्हणणं खरं आहे. धोंड्याचा महिना दुसऱ्याच दिवशी लागला होता.” त्यांनी ती तारीख माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. यंदापासून त्या तारखेला पान वाढणार असल्याचं ताईंनी नंतर सांगितलं. आतापर्यंत तिथी धरायची की नाही यावरच घरात एकमत नव्हतं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

क्रम बदलू. फेरफार आणि कोतवाल बुक पहिल्या आठवड्यातच मागवू, वृत्तपत्रं नंतर. जमिनीचा कागद जवळ असतो, स्वस्त असतो, आणि त्यातली साल-तारीख पुढच्या शोधाला धरून चालता येते.

जुळणाऱ्या नावाचं पान दाखवताना भाच्यासमोर न दाखवता आधी ताईंना एकटीला दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं साहाय्यकाचं मत. मला ते अर्धंच पटतं. शोध घराचा होता, एकटीचा नव्हता. पण वेळ आणि जागा निवडायला हवी, अभ्यासिकेच्या दाराजवळचं टेबल त्यासाठी नाही. आता आतल्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या आहेत.

एआयच्या उत्तराबाबत आमची एक पद्धत ठरली आहे. वाचक तसं उत्तर घेऊन आला तर ते बाजूला सारायचं नाही. त्यातला प्रत्येक दावा कुठल्या मूळ कागदावर उभा आहे ते त्याच्यासोबत बसून बघायचं. कागद सापडला तर उत्तम. नाही सापडला तर ‘मूळ आधार मिळाला नाही’ असं नोंदवहीत लिहायचं, आणि घरी आजारी किंवा वृद्ध माणसाला दाखवण्याआधी इथे या, असंही सांगायचं.

संदर्भ कपाटात आता ‘किनारी बोटी’ अशी एक फाईल आहे. वृत्तपत्रांच्या पानांच्या प्रती, पंचांगाचं टिपण, दोन्ही अर्जांचे मसुदे, जंजिरा संस्थानातल्या गावांची यादी. कुणाही वाचकाचं नाव त्यात नाही. पाऊस ओसरल्यावर दुसऱ्या एका गावातले काका हाच प्रश्न घेऊन आले, तेव्हा साहाय्यकाने पुस्तक काढण्याआधी खुर्ची दिली.

पुराभिलेख संचालनालयाकडे केलेला अर्ज अजून चालू आहे. त्याचं उत्तर आलं की अहवालाला पुरवणी जोडून ताईंना द्यायची आहे. किनाऱ्यावरच्या ज्या ग्रंथालयांत किंवा घरांत जुलै-ऑगस्ट १९४७ चे स्थानिक साप्ताहिकांचे अंक असतील, त्यांनी निदान त्या अंकांत छापलेल्या नावांची आणि गावांची यादी करून ठेवावी. पानं फार दिवस टिकणार नाहीत, आणि ती शोधत येणारी माणसंही आता ऐंशीच्या पुढची आहेत.